जुन्या, लहान मापाच्या माउंटन बाइकला सस्पेन्शन फोर्क बसवताना

जुन्या माउंटन बाइकला सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि दबून धक्के शोषणारा फोर्क, बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ट्रॅव्हलचा, म्हणजे तो किती दबतो याचा, येतो: ८० मिमी घेऊ की १००? हा प्रश्न खरं तर नंतरचा. आधी फोर्कची लांबी बघायची, मग स्टिअररची (फोर्कच्या वरच्या, फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीची) जाडी, मग ब्रेक. या तिन्हींत जे बसेल त्यातून ट्रॅव्हल आपोआप ठरतो. फ्रेम लहान, म्हणजे १३ ते १६ इंची असेल तर लांबीकडे आणखी काटेकोरपणे बघावं लागतं. मोठ्या फ्रेमवर खपून जाणारे दोन सेंटिमीटर लहान फ्रेमवर हँडलच्या उंचीत, टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर) पाय टाकताना आणि चढावर, सगळीकडे जाणवतात.

पुढचं सगळं २६ इंची चाकांच्या, साधारण १९८५ ते १९९५ या काळातल्या आणि मुळात कडक (न दबणारा) फोर्क असलेल्या फ्रेमसाठी आहे.

आधी जुना फोर्क मोजा

रॉकशॉक्सचा आरएस-१ हा फोर्क १९८९ मध्ये बाजारात आला. त्याचा ट्रॅव्हल जेमतेम पाच सेंटिमीटर होता. त्याआधीच्या फ्रेम कडक फोर्क गृहीत धरूनच आखलेल्या असत. पुढे नव्वदच्या दशकात हळूहळू कंपन्यांनी सस्पेन्शन फोर्कची वाढीव लांबी धरून फ्रेम आखायला सुरुवात केली. तुमची फ्रेम कोणत्या गटातली हे सालावरून ओळखण्यापेक्षा टेपने मोजून ओळखा.

चाक काढा. ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फोर्कच्या टोकाच्या खाचेत, जिथे चाकाचा आस बसतो त्याच्या मध्यापासून फोर्कच्या क्राऊनवर (दोन्ही पाय आणि स्टिअरर जुळतात त्या भागावर) जिथे हेडसेटची, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची, खालची रेस (कडी) टेकते तिथपर्यंतचं अंतर स्टिअररच्या रेषेला समांतर घ्या. हे झालं ‘आस ते क्राऊन’ माप. ते ३९० ते ४०० मिमीच्या आसपास असेल तर फ्रेम सस्पेन्शनच्या आधीच्या विचाराची आहे. ४१० ते ४२० असेल आणि टायर व क्राऊन यांच्यात मोकळी जागा दिसत असेल, तर फ्रेम आखताना छोट्या सस्पेन्शन फोर्कचा विचार झालेला आहे, आणि तुमचं निम्मं काम सोपं झालं.

फ्रेमचीही तपासणी आत्ताच करून घ्या. हेड ट्यूबच्या (स्टिअरर ज्यातून जातो त्या पुढच्या आखूड नळीच्या) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून खाली पेडलांकडे जाणाऱ्या नळीच्या) खालच्या बाजूला बोट फिरवा. तिथे फुगवटा, सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर असेल तर त्या फ्रेमला लांब फोर्क लावू नका. फोर्क जितका लांब तितका त्याचा तरफेसारखा जोर हेड ट्यूबच्या सांध्यावर जास्त येतो, आणि आधीच दुखावलेली नळी तो जोर सोसत नाही.

लांबी वाढली की काय काय हलतं

सोयीचा हिशेब असा: फोर्कची लांबी सुमारे १८ ते २० मिमी वाढली की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) एका अंशाने कमी होतो, म्हणजे फोर्क पुढे कलतो. पूर्ण फ्रेम मागच्या आसाभोवती फिरत असल्यामुळे सीट ट्यूबही तितकीच मागे कलते. त्याच २० मिमीला बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो ती जागा) साधारण ८ मिमी वर जातो, आणि टॉप ट्यूबचा मधला भाग, जिथे आपण सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहतो, तो ११ मिमीच्या आसपास उचलला जातो.

यात सस्पेन्शन फोर्क स्वाराच्या वजनाने दबतो हे धरायचं असतं. या दबण्याला सॅग म्हणतात आणि तो ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के ठेवतात. म्हणून तुलना करायची ती दबलेल्या लांबीची. समजा, जुना फोर्क ३९५ मिमी आहे आणि हेड अँगल ७१ अंश. ६३ मिमी ट्रॅव्हलचा फोर्क साधारण ४३० मिमी लांब असतो. त्यातून १४ मिमी सॅग वजा केला की उरतात ४१६. फरक २१ मिमी, म्हणजे एक अंशाहून थोडा जास्त. ८० मिमीचा फोर्क ४५०च्या आसपास. सॅगनंतर ४३२, फरक जवळपास दोन अंश. १०० मिमीचा फोर्क सॅगनंतरही ४५० भरतो, म्हणजे तीन अंश. ७१ची सायकल ६८वर येते.

दोन अंशांचा स्टिअरिंगवर काय परिणाम होतो ते ट्रेलच्या मापातून कळतं; ट्रेल म्हणजे स्टिअररची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर किती मागे टेकतो ते अंतर. ३८ मिमी ऑफसेटच्या (चाकाचा आस स्टिअररच्या रेषेपुढे तितका असलेल्या) फोर्कला ७१ अंशांवर ट्रेल सुमारे ७३ मिमी येतो, तर ६९ अंशांवर ८६. हँडल जड वाटतं, आणि चढावर हळू जाताना पुढचं चाक कधी डावीकडे कधी उजवीकडे कलंडू पाहतं. उतारावर मात्र हीच सायकल शांत चालते. हे गुण-दोष मोठ्या फ्रेमलाही लागू आहेत. लहान फ्रेमची अडचण अशी की तिचा हेड अँगल बऱ्याचदा मुळातच ७०च्या खाली असतो. पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागू नये म्हणून आखणाऱ्यांनी तो आधीच कलता ठेवलेला असतो. त्यातून आणखी दोन-तीन अंश गेले की सायकल वळणात आळशी होते. एक फायदाही आहे: चाक पुढे सरकल्यामुळे चवडा चाकाला लागायची शक्यता कमी होते.

माझं मत स्पष्ट आहे. कडक फोर्कसाठी आखलेल्या लहान फ्रेमला ६० ते ६५ मिमी ट्रॅव्हलचा फोर्क शोभतो. सस्पेन्शनचा विचार करून आखलेली असेल तर ८०पर्यंत जा. १०० मिमीचा फोर्क स्वस्त मिळाला म्हणून लावू नका. तो लावून सायकल सुधारत नाही, वेगळीच होते. काही एअर (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या) फोर्कमध्ये आत स्पेसर (जागा भरणारी कडी) घालून ट्रॅव्हल आणि लांबी दोन्ही कमी करता येतात; असा फोर्क हाती आला तर तो १०० मिमीचा असला तरी विचार करण्यासारखा आहे. २७.५ किंवा २९ इंची चाकांचे फोर्क तर अजिबात नकोत. त्यांची लांबी या फ्रेमच्या आवाक्याबाहेरची आहे आणि बऱ्याच जणांचा स्टिअरर खाली जाड, वर बारीक असा असतो. तो जुन्या सरळ हेड ट्यूबमध्ये जातच नाही.

स्टिअरर आणि हेडसेट

जुन्या माउंटन बाइकांवर स्टिअररची तीन मापं सापडतात. बाहेरचा व्यास २५.४ मिमी असेल तर तो १ इंची, २८.६ असेल तर एक आणि एक-अष्टमांश इंची, आणि ३१.८ असेल तर सव्वा इंची. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक फ्रेमना १ इंची, नव्वदच्या सुरुवातीपासून एक आणि एक-अष्टमांश, आणि मधल्या काही वर्षांत मोजक्या कंपन्यांनी सव्वा इंची वापरला. व्हर्नियर कॅलिपरने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका.

हेड ट्यूब रुंद आणि स्टिअरर बारीक असेल तर मार्ग निघतो: बारीक स्टिअररसाठी हेडसेटचे रिड्यूसर (माप कमी करणारे) कप मिळतात. म्हणजे सव्वा इंची फ्रेमला एक आणि एक-अष्टमांशचा फोर्क लावता येतो. उलटं शक्य नाही. १ इंची हेड ट्यूबला १ इंची स्टिअररचाच फोर्क शोधावा लागतो, आणि तो नव्वदच्या दशकातल्या जुन्या मालातच मिळण्याची शक्यता जास्त. त्या काळच्या बऱ्याच फोर्कांमध्ये पाय क्राऊनला बोल्टने आवळलेले असत. त्यामुळे त्याच मॉडेलचा १ इंची क्राऊन-स्टिअरर वेगळा मिळाला तर अदलाबदल करता येते.

१ इंची हेडसेटमध्ये आणखी एक मेख आहे. एका मानकात हेड ट्यूबमध्ये बसणारा कप ३०.२ मिमीचा आणि क्राऊनवरची रेस २६.४ची, जपानी मानकात कप ३०.० आणि रेस २७.०ची. फोर्कच्या क्राऊनची बैठक २७.० असेल तर खराद किंवा खास कटरने ती २६.४ करता येते, २६.४ची २७.० होत नाही. एक आणि एक-अष्टमांश मापात ही भानगड नाही: कप ३४.० आणि रेस ३०.०.

आता आटे. जुने स्टिअरर वरच्या टोकाला आटे पाडलेले असत आणि हेडसेट त्यावर नटाने आवळला जाई. नंतर बिनआट्याचा स्टिअरर आणि त्याला बाहेरून आवळणारा स्टेम (हँडल धरणारा भाग) आला. हेड ट्यूबला या दोन्हींचं काही देणंघेणं नाही. तुमचा जुना हेडसेट आट्यांचा असला तरी बिनआट्याचा फोर्क घेऊन नवा हेडसेट आणि नवा स्टेम लावता येतो. लहान फ्रेमसाठी मी हाच मार्ग सुचवेन, कारण त्यात हँडल खाली आणणं सोपं जातं. बिनआट्याच्या अॅल्युमिनियम स्टिअररवर आटे पाडून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती नळी आटे पाडण्यासाठी बनवलेली नसते आणि ती तुटली तर हँडल हातात येतं.

लांबीचा हिशेब करताना हेड ट्यूबची उंची, हेडसेटच्या खालच्या आणि वरच्या भागाची मिळून उंची, स्पेसर आणि स्टेमच्या पकडीची उंची यांची बेरीज करा आणि त्यातून ३ मिमी वजा करा. उदाहरणार्थ, हेड ट्यूब १००, हेडसेट ३०, स्पेसर १०, स्टेम ४०. बेरीज १८०, म्हणून स्टिअरर १७७ मिमी. इथे लहान फ्रेमवाल्यांचं नशीब चांगलं: मोठ्या फ्रेमसाठी आखूड कापला गेलेला म्हणून पडून राहिलेला फोर्क त्यांना नेमका बसतो. आट्यांच्या फोर्कला मात्र स्टिअररची लांबी आणि आट्यांची लांबी दोन्ही जुळायला हव्यात. आटे वरच्या टोकालाच असतात. स्टिअरर जास्त लांब असेल आणि कापावा लागला तर उरलेले आटे हेडसेटच्या वरच्या कपाला पुरतील ना, ते आधी बघा.

जुना फोर्क घेताना

जुना सस्पेन्शन फोर्क बाहेरून चकचकीत आणि आतून मेलेला असू शकतो. त्या काळच्या अनेक फोर्कांत स्प्रिंगऐवजी इलॅस्टोमर म्हणजे खास रबरासारख्या ठोकळ्यांची रास असे. वयानुसार हे ठोकळे कडक होतात किंवा चिकट भुगा होतात. अशा फोर्कवर हात टेकून दाबलं तरी तो हलत नाही, आणि माणसाला वाटतं की फोर्क ‘कडक ट्यून’ केलेला आहे. काही मॉडेलसाठी इलॅस्टोमरच्या जागी बसणाऱ्या स्टीलच्या स्प्रिंग मिळतात. फोर्क घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलसाठी त्या मिळतात का, हे विचारून घ्या.

आतल्या नळ्यांचा बाहेरचा थर घासून धातू उघडा पडला असेल, तेलाचे ओघळ असतील, क्राऊन आणि स्टिअररच्या जोडावर कुरकुर ऐकू येत असेल, ड्रॉपआउटपाशी चीर असेल तर फोर्क परत ठेवा. एक साधी चाचणी: पुढचा ब्रेक दाबून फोर्क पुढे-मागे हलवा. आतल्या नळ्या आणि खालचे पाय यांच्यात खटखट जाणवली तर बुशिंग (आतली नळी ज्यात सरकते ती बाही) गेली. बुशिंग बदलण्याला त्या त्या फोर्कची अवजारं लागतात.

लहान फ्रेमवरचा स्वार बहुधा हलका असतो, आणि मूळ स्प्रिंग जड माणसाच्या हिशेबाने दिलेली असते. पन्नास किलोच्या माणसाला तीच स्प्रिंग असली तर ६३ मिमीपैकी तीस मिमीसुद्धा वापरात येत नाहीत, आणि मग फोर्क म्हणजे फक्त वाढीव वजन आणि वाढीव उंची. म्हणून एअर फोर्क मिळाला तर उत्तम. नाहीतर मऊ स्प्रिंग आणि पातळ तेल यांची तयारी ठेवा.

ब्रेक: इथे घाई नको

कँटिलिव्हर (मधून वर ओढल्या जाणाऱ्या केबलच्या जुन्या रिम) ब्रेकची केबल कडक फोर्कवर हेडसेटला लावलेल्या हँगरमधून (केबल धरणाऱ्या पट्टीतून) किंवा स्टेममधल्या भोकातून खाली येते. सस्पेन्शन फोर्क लावल्यावर हा मार्ग चालत नाही. फोर्क दबला की हँगर आणि ब्रेक यांच्यातलं अंतर कमी होतं, केबल सैल पडते आणि ऐन खडबडीत उतारावर ब्रेकची पकड जाते. म्हणून केबलचं बाहेरचं आवरण जिथे संपतं तो थांबा फोर्कच्या खालच्या पायांना जोडणाऱ्या कमानीवरच हवा. बऱ्याच जुन्या फोर्कांच्या कमानीत तो मुळातच असतो. नसेल तर कमानीला आवळणारा हँगर लावा. हँडलपासून कमानीपर्यंतचं आवरण इतकं सैल वळण देऊन ठेवा की फोर्क पूर्ण लांब असताना ते ताणलं जाणार नाही.

व्ही-ब्रेकला (लांब हातांच्या, केबल बाजूने येणाऱ्या रिम ब्रेकला) हँगर लागत नाही, आवरण थेट ब्रेकच्या वाकड्या नळीत जातं. त्यामुळे सस्पेन्शन फोर्कला तोच ब्रेक सोयीचा. फक्त त्याला कँटिलिव्हरच्या जवळपास दुप्पट केबल ओढणारा लिव्हर हवा. जुना लिव्हर आणि व्ही-ब्रेक अशी जोडी लावली तर लिव्हर मुठीला टेकेपर्यंत जातो आणि ब्रेक अर्धवट लागतो. डिस्क ब्रेकसाठीच बनवलेला फोर्क असेल तर त्याला रिम ब्रेकचे खुंट नसतात, म्हणजे नवा हब, नवं चाक. हबची रुंदी १०० मिमी आणि साधा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) असेल तर जुनं चाक नव्या फोर्कमध्ये बसतं. १५ किंवा २० मिमीच्या जाड आसाच्या फोर्कमध्ये बसत नाही.

काढणी आणि जोडणी

सायकल स्टँडवर घ्या. पुढचं चाक, ब्रेक आणि हँडल काढा. जुना आट्यांचा हेडसेट सोडवायला पातळ पाने लागतात: १ इंचीला ३२ मिमी, एक आणि एक-अष्टमांशला ३६, सव्वा इंचीला ४०. वरचा नट आणि कप सोडवताना फोर्क एका हाताने धरून ठेवा, नाहीतर छर्रे जमिनीवर विखुरतात.

हेड ट्यूबमधले कप काढायला आतून फाकणारं नळीसारखं अवजार वापरा. ते नसेल तर जाड मऊ धातूची सळी आतून कपाच्या कडेवर टेकवून, बाजू बदलत, हलके हातोडे मारा. एकाच बाजूला मारलं तर कप तिरका होऊन हेड ट्यूब ओरखडतो. नळी आतून पुसा, गंज घासा, कडा सपाट आहेत का बघा. रंगाचे थर कडेवर चढले असतील तर ते कानशीने नव्हे, हेड ट्यूब समतल करणाऱ्या कटरने काढून घ्या. हे काम दुकानात करून घेतलेलं बरं.

नवे कप ग्रीस लावून प्रेसने दाबा, एका वेळी एक. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि नट यांची जोडणी चालते. फक्त वॉशर कपाच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे, छर्र्यांच्या खाचेवर नाही. कप आणि हेड ट्यूब यांच्यात फट राहू नये. क्राऊनची रेस योग्य व्यासाच्या नळीने फोर्कवर ठोकून बसवा. ती पूर्ण टेकली की हातोड्याचा आवाज बदलतो, आणि कडेने प्रकाश दिसत नाही.

स्टिअरर कापण्याआधी सगळं एकदा कोरडं जुळवा: फोर्क, हेडसेट, स्पेसर, स्टेम. खूण करा, काढा, पुन्हा मोजा, मगच कापा. जुना स्टेम किंवा गाइड पकड म्हणून लावून बारीक दातांच्या करवतीने सरळ कापा, आणि आतली-बाहेरची कड कानशीने साफ करा. शंका असेल तर एक स्पेसर जास्त धरून कापा; आखूड झालेला स्टिअरर लांब करता येत नाही. स्टारनट (स्टिअररच्या आत बसणारा, वरचा बोल्ट ज्यात आवळतो तो नट) वरच्या कडेपासून सुमारे १५ मिमी खाली, सरळ ठोका.

छर्र्यांना भरपूर ग्रीस लावून जोडणी करा. स्टेमचे बोल्ट सैल ठेवून वरचा बोल्ट हळूहळू आवळा, हेडसेट खेळ न ठेवता मोकळा फिरेल इतकाच. मग हँडल सरळ करून स्टेमचे बोल्ट त्यावर लिहिलेल्या टॉर्कने आवळा. बहुतेक वेळा तो ५ ते ६ न्यूटन-मीटर असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला आणि बोट खालच्या कपाच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर अजून थोडं आवळा.

टक्कर कुठे होते ते बघा

लहान फ्रेमवर हेड ट्यूब आखूड असते आणि डाउन ट्यूब खालच्या कपाच्या अगदी जवळ जोडलेली असते. सस्पेन्शन फोर्कचा क्राऊन रुंद, आणि त्यावर पायांच्या टोप्या किंवा फिरवायचे नॉब असतात. हँडल पूर्ण वळवा, दोन्ही बाजूंना. नॉब डाउन ट्यूबवर आदळत असेल तर एका पडण्यात पातळ स्टीलची नळी चेपते. उपाय दोन: नॉबच्या जागी चपट्या टोप्या, किंवा उंच खालच्या कपाचा हेडसेट. दुसऱ्या उपायाने पुढचा भाग तितकाच आणखी वर जातो, म्हणून आधी पहिला करून बघा.

यानंतर फोर्कमधली हवा सोडा किंवा स्प्रिंग काढा आणि फोर्क पूर्ण दाबा. टायर क्राऊनच्या तळाला किंवा कमानीला टेकता कामा नये. किमान ६ मिमी जागा हवी. जाड टायर आणि जुना अरुंद फोर्क असला की इथेच अडकतं. दबलेल्या स्थितीत टायर डाउन ट्यूबपासूनही सुटा आहे ना, तेही बघा. ही चाचणी चालवण्याआधीच करा. फोर्क शेवटपर्यंत दबताना टायर अडला तर चाक जागीच थांबतं.

बसण्याची जागा पुन्हा जुळवा

फ्रेम एका अंशाने मागे कलली की सीट आणि हँडल दोन्ही बॉटम ब्रॅकेटच्या तुलनेत सुमारे १ सेंटिमीटर मागे जातात. म्हणून सीट तेवढी पुढे सरकवा आणि तिचं वर उचललेलं टोक पुन्हा समतल करा. आता सीट ते हँडल अंतर कमी झालेलं असतं. ते जुन्याइतकं हवं असेल तर स्टेम १ सेंटिमीटर लांब घ्या. चढावर पुढचं चाक हलकं वाटत असेल तर हाच लांब, खाली झुकलेला स्टेम आणि सपाट हँडल उपयोगी पडतात. लहान चणीच्या माणसाचं हँडल सीटपेक्षा वर गेलं तर चढावर सगळं वजन मागच्या चाकावर जातं, म्हणून स्पेसर शक्य तितके कमी ठेवा.

सॅग मोजायला आतल्या नळीवर एक केबल-टाय सैलसर बांधा, तो खाली सरकवा, सायकलवर हळू बसा आणि तितक्याच हळू उतरा. ६३ मिमीच्या फोर्कला १३ ते १६ मिमी सॅग यायला हवा. कमी आला तर हवा कमी करा किंवा स्प्रिंग मऊ घ्या. प्रीलोडचा (स्प्रिंगच्या सुरुवातीच्या दाबाचा) नॉब सैल करून थोडा फरक पडतो, पण त्याने कडक स्प्रिंग मऊ होत नाही.

पहिल्या काही फेऱ्यांत कप आणि रेस पूर्ण बसतात, त्यामुळे हेडसेट थोडा सैल होणं स्वाभाविक आहे. पुन्हा आवळा. क्राऊनचे बोल्ट, ब्रेकचे खुंट आणि केबल-हँगरचा स्क्रू तपासा. आणि दर वेळी सायकल धुताना डाउन ट्यूबच्या खालून, हेड ट्यूबच्या मागे, बोट फिरवून बघा. रंगाला नवी आडवी चीर दिसली तर त्याच दिवशी कडक फोर्क परत लावा.